मॉनिटर मोठा घेतला तरी डोळे आणि मान दुखतेच? दोष असा शोधा

साडेएकवीस इंची मॉनिटरवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून माणूस २७ इंची घेतो. सुरुवातीला बरं वाटतं. मग संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागतात, मान एका बाजूला आखडते, आणि कुणीतरी सल्ला देतं की ३२ घे, २७ मध्ये काही भागत नाही. ३२ येतो आणि मानेचं दुखणं खांद्यापर्यंत पोचतं. ही तक्रार माझ्याकडे सारखी येते आणि विचारणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: 'किती इंची घेऊ?' नुसत्या या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. डोळ्यापासून पडदा किती लांब आहे हे कळलं की इंच ठरतात, आणि इंच ठरले की रिझोल्यूशन (पडद्यावर आडवे-उभे किती पिक्सेल, म्हणजे ठिपके) ठरतं. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात आणि म्हणूनच मॉनिटर बदलूनही त्रास परत येतो. तेव्हा नवीन मॉनिटर बघण्याआधी आहे त्याच मॉनिटरवर नेमकं काय बिघडलंय ते पाहू.

आधी टेप घ्या

नेहमी बसता तसे बसा. कुणी बघतंय म्हणून ताठ बसू नका. काम अंगावर आलेलं असताना जसे बसता तसेच बसा. दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून पडद्याच्या मध्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायला सांगा. स्वतः मोजायला गेलात तर टेप धरताना पुढे वाकाल आणि आकडा चुकेल.

कामाच्या मॉनिटरसाठी ५० ते १०० सेंमी हे अंतर सर्वसाधारणपणे ठीक धरतात. बहुतेकांना ६० ते ७५ सोयीचं पडतं. हात समोर सरळ केल्यावर बोटांची टोकं पडद्याला जेमतेम टेकली तर तुम्ही याच पट्ट्यात आहात. ५० च्या आत असाल तर बाकी काहीही करण्याआधी तेच दुरुस्त करा. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळवावे लागतात आणि डोळ्यातल्या भिंगाला फुगवणारा स्नायू आवळून धरावा लागतो. पडदा जितका जवळ, तितकं हे काम जास्त, आणि ते दिवसभर चालू राहतं.

आता टेबल मोजा. ६० सेंमी खोलीचं टेबल घ्या. मॉनिटरच्या स्टँडचा पाया मागच्या कडेला टेकवला तरी पडदा त्या कडेच्या १५-२० सेंमी पुढे येतो. म्हणजे टेबलच्या पुढच्या कडेपासून पडदा ४०-४५ सेंमीवर. तुमचे डोळे त्या कडेच्या थोडे मागे असतात, म्हणून एकूण अंतर कसंबसं ५०-५५ होतं. अशा टेबलावर ३२ इंची मॉनिटर सोयीचा होणं फार अवघड आहे, मग तो कितीही उत्तम असो. भिंतीला किंवा टेबलला आवळायचा आर्म लावून पडदा मागे सरकवता आला तरच गोष्ट वेगळी. बहुतेक मॉनिटरच्या पाठीमागे त्यासाठी ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार भोकं असतात. मात्र काही स्वस्त मॉडेलांत ती नसतात, म्हणून घेताना पाठ बघून घ्या.

इंच म्हणजे कर्ण, डोळ्याला लागते ती रुंदी

मॉनिटरचे इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण. नजर फिरते ती मात्र आडवी. नेहमीच्या १६:९ प्रमाणात २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच असतो. २७ इंची ६० बाय ३४, ३२ इंची ७१ बाय ४०. ३४ इंची अल्ट्रावाइड जवळजवळ ८० सेंमी रुंद असतो, पण उंचीला २७ इंची मॉनिटरइतकाच.

६० सेंमीवरून बघताना २४ इंची पडदा नजरेच्या साधारण ४८ अंशांत मावतो, २७ इंची ५३ अंशांत, ३२ इंची ६१ अंशांत. ३२ इंची मॉनिटर ८० सेंमीवर नेला की तोही परत ४८ अंशांवर येतो. म्हणजे ६० सेंमीवरचा २४ आणि ८० सेंमीवरचा ३२ डोळ्याला अगदी सारखाच भरतो. मोठा पडदा नाइलाजाने जास्त मागे सरकवून तुम्ही जर तेवढंच बघणार असाल, तर मोठा घेऊन हाती काय आलं? याला एक चांगलं उत्तर आहे: डोळ्यांना लांबचं बघणं सोपं जातं, विशेषतः चाळिशीनंतर. पण त्यासाठी टेबल तेवढं खोल हवं.

नजर मध्यापासून डावी-उजवीकडे साधारण १५ अंश सहज फिरते. त्यापलीकडचं बघायला मान साथीला येते. त्यामुळे कुठल्याही मोठ्या पडद्याच्या कडा मानेच्याच वाट्याला जातात. कडांवर चॅट, गाण्यांची यादी किंवा क्वचित बघायचं काही ठेवलं तर बिघडत नाही. दिवसभर वाचायचा मजकूर तिथे असेल तर बिघडतं.

दुखतंय कुठे, त्यावरून दोष

*पुढे झुकून बसता.* खुर्चीला पाठ टेकत नाही, हनुवटी पडद्याकडे जाते. याचं कारण जवळजवळ नेहमी अक्षर हेच असतं: एकतर लहान, नाहीतर फुसकट. ओळखायला सोपं आहे. ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबत मजकूर १२५ किंवा १५० टक्के करा आणि अर्धा तास काम करा. पाठ आपोआप खुर्चीला टेकली तर मॉनिटर लहान नव्हता, अक्षर लहान होतं.

इथेच पुष्कळ लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर. सुरुवातीला सांगितलेला माणूस साडेएकवीस इंचावरून २७ वर गेला. जुना १९२० बाय १०८० पिक्सेलचा होता, म्हणजे दर इंचात १०२ पिक्सेल. नवा २५६० बाय १४४० चा, म्हणजे दर इंचात १०९. प्रत्येक अक्षर तितक्याच पिक्सेलचं राहिलं आणि पिक्सेल बारीक झाले, म्हणजे स्केल (अक्षरं-चित्रं किती पट मोठी दाखवायची ते सेटिंग) १०० टक्के ठेवल्यास अक्षर मोठं होण्याऐवजी आणखी सहा-सात टक्के लहान झालं! पडदा मोठा झाला, त्यात मजकूर जास्त मावला, आणि ज्या बारीक अक्षरासाठी खर्च केला ते आणखी बारीक झालं. फुल एचडीच्या, म्हणजे १९२० बाय १०८० च्याच, २४ इंची मॉनिटरवरून (दर इंचात ९२) याच २७ वर गेलात तर घट १६ टक्क्यांच्या आसपास जाते.

उपाय फुकट आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथे स्केल. २७ इंची २५६० बाय १४४० ला १२५ टक्के करून बघा. फोर-के (३८४० बाय २१६०) असेल तर २७ इंचावर १५० टक्के आणि ३२ इंचावर १२५ किंवा १५०. बदल केल्यावर एकदा साइन आउट करून परत या, नाहीतर काही जुने प्रोग्रॅम धूसर राहतात आणि दोष मॉनिटरवर जातो.

किती मोठं अक्षर पुरे, याचंही माप आहे. पडद्यांसाठीच्या आयएसओ ९२४१ मानकात अक्षराची उंची डोळ्याशी २० ते २२ कला इतका कोन करेल अशी ठेवावी असं सुचवलं आहे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ६० सेंमीवरून हे सुमारे साडेतीन मिलिमीटर होतं, ८० सेंमीवरून पावणेपाचच्या आसपास. शाळेतली पट्टी पडद्याला लावा आणि इंग्रजी मजकुरातलं कॅपिटल अक्षर मोजा. देवनागरी वाचत असाल तर शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत निदान तेवढी उंची हवी असं माझं मत आहे. कारण आपल्या अक्षराला वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार असतो, आणि बारीक आकारात आधी तेच हरवतात. 'द्ध' आणि 'द्व' यांतला फरक कळायला डोळे बारीक करावे लागत असतील तर अक्षर लहानच आहे.

*मान एका बाजूने आखडते.* मॉनिटर तुमच्या समोर नसून थोडा बाजूला आहे का? कीबोर्डवरच्या जी आणि एच या दोन कळांच्या मधून सरळ पुढे रेघ ओढली तर ती पडद्याच्या मध्यावर जायला हवी. उजवीकडे अंकांची पट्टी असलेल्या कीबोर्डमुळे हे फार वेळा चुकतं, कारण कीबोर्ड मध्यावर ठेवला की बोटं मात्र डावीकडे असतात.

मोठ्या आणि अल्ट्रावाइड पडद्यावर आणखी एक गोष्ट घडते. प्रोग्रॅमची खिडकी पूर्ण पसरवली की मेनू, फाइलींची यादी आणि मजकुराची सुरुवात सगळं डाव्या कडेला जातं, आणि मान दिवसभर डावीकडे राहते. खिडकी पसरवू नका. विंडोज ११ मध्ये खिडकीच्या मोठं करण्याच्या बटणावर माउस नुसता थांबवला की मांडणीचे पर्याय येतात. रुंद पडद्यावर त्यात तीन स्तंभांची मांडणी मिळते. मुख्य काम मधल्या स्तंभात, बाकीचं कडांना. मानेचं दुखणं केवळ एवढ्याने थांबल्याचं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

दोन मॉनिटर असतील आणि ते समोर समान वाटून ठेवले असतील तर तुम्ही नाकासमोर जोड बघत बसला आहात. ज्यावर जास्त काम तो अगदी समोर, दुसरा त्याला लागून थोडा आत वळवलेला. दोन्हींवर खरोखरच सारखा वेळ जात असेल तरच जोड मध्यावर ठेवण्यात अर्थ आहे.

*मानेचा मागचा भाग दुखतो, हनुवटी वर जाते.* पडदा उंच आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली हवी, म्हणजे पडद्याचा मध्य नजरेच्या साधारण १५ ते २० अंश खाली येतो. ताठ बसलेल्या माणसाचे डोळे टेबलापासून साधारण ४० ते ५० सेंमी उंच असतात. ३२ इंची पडदा एकटाच ४० सेंमी उंच, त्यात खालची चौकट आणि स्टँडची उंची धरली की वरची कड सहज ५० च्या पुढे जाते. उंची कमी न होणारा स्टँड असेल तर खुर्ची वर घेऊन पायाखाली पाट घ्या, किंवा आर्म लावा. पडदा थोडा मागे कलवला तरी फरक पडतो. मोठा मॉनिटर घेताना स्टँड खाली किती उतरतो हे कुणी विचारत नाही, आणि मला तो रंगांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्या. वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, म्हणून पडदा स्पष्ट दिसायला हनुवटी वर करावी लागते. पडदा आणखी खाली घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. जाताना टेपने मोजलेला आकडा घेऊन जा. 'कॉम्प्युटरवर काम करतो' एवढं सांगून नंबर नेमका निघत नाही, '७० सेंमीवर' सांगितलं तर निघतो.

*अक्षर पुसट किंवा दातेरी दिसतं.* आधी रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ आकड्यावरच आहे ना ते पाहा. अक्षर मोठं दिसावं म्हणून पुष्कळ जण रिझोल्यूशन कमी करतात. अक्षर मोठं होतं खरं, पण एका पिक्सेलचा मजकूर दीड पिक्सेलवर पसरतो आणि कडा विरघळतात. मोठं करायचं ते स्केलने. निळ्या तोंडाची जुनी व्हीजीए केबल असेल तर ती बदला. विंडोजच्या शोधपट्टीत क्लिअरटाइप टाकलं की अक्षरं जुळवायचं साधन येतं, तेही एकदा चालवा.

एवढं करूनही दाते दिसत असतील तर पिक्सेलच अपुरे आहेत. निरोगी डोळ्याला सुमारे एक कला इतका बारीक फरक कळतो. त्या हिशेबाने दर इंचात ९२ पिक्सेल असतील (२४ इंची फुल एचडी किंवा ३२ इंची २५६० बाय १४४०) तर सुटे पिक्सेल डोळ्याआड व्हायला ९५ सेंमी अंतर लागतं. १०९ ला ८० सेंमी, ३२ इंची फोर-केच्या १३८ ला ६३ आणि २७ इंची फोर-केच्या १६३ ला ५४ सेंमी. २७ इंची फुल एचडी दर इंचात ८२ वर येतो आणि त्याला मीटरभराहून जास्त अंतर हवं. मजकुराच्या कामाला तो घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. याच फुल एचडीचा ३२ इंची तर दूर बसून सिनेमा बघायलाच बरा. नेमका हिशेब जुळला नाही म्हणून लगेच त्रास होतो असं नाही. २४ इंची फुल एचडीवर ६० सेंमीवरून असंख्य लोक रोज काम करतात. पण देवनागरी जास्त वाचणाऱ्याला बारीक पिक्सेलचा फायदा इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा लवकर जाणवतो.

मॅकवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून मॅकने अक्षर गुळगुळीत करायची उपपिक्सेलची (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या भागांची) जुनी पद्धत सोडली, त्यामुळे ९२ वाल्या मॉनिटरवर तिथे अक्षर विंडोजपेक्षा जाड आणि पुसट दिसतं. मॅकला दर इंचात ११० किंवा त्याच्या दुप्पट, म्हणजे २२० च्या आसपास, सगळ्यात जास्त मानवतं.

*टीव्ही मॉनिटर म्हणून लावलाय.* ४३ इंची फोर-के टीव्ही ९५ सेंमी रुंद असतो, तो मीटरभर अंतराखाली लावू नये. लाल-निळ्या अक्षरांभोवती घाण दिसत असेल तर टीव्ही रंगांची माहिती कमी करून दाखवतोय. त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव द्या किंवा पीसी मोड लावा आणि शार्पनेस उतरवा. माउस अडखळत असेल तर रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं) ३० वर अडकलेला असेल, एचडीएमआय १.४ वर फोर-के ३० पर्यंतच जातं, ६० साठी २.० लागतं आणि ते कॉम्प्युटरकडेही असावं लागतं.

*डोळे चुरचुरतात, बाकी काही नाही.* याचा इंचांशी संबंध थोडाच. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळा कोरडा पडतो. पडदा उंच असेल तर डोळा जास्त उघडा राहतो आणि आणखी कोरडा पडतो, म्हणून उंचीचा मुद्दा इथेही लागू. ब्राइटनेस कमी करा: पडद्यावर पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा, दोन्ही सारखे उजळ दिसले पाहिजेत. कारखान्यातून आलेला मॉनिटर जवळजवळ नेहमीच घरातल्या प्रकाशासाठी फार प्रखर असतो, आणि पडदा मोठा असला की तो प्रकाश सगळ्या नजरेत भरतो. खोलीची खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी. दर वीस मिनिटांनी सहा मीटर लांबचं काहीतरी वीस सेकंद बघा. हे करून दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर मॉनिटर सोडा आणि डोळे तपासून घ्या.

आणि तरीही नवीन घ्यायचाच असेल

टेपवरचं अंतर ५० ते ६० आलं तर २४ इंची. ६० ते ७५ असेल तर २७, आणि तो १४४० किंवा फोर-केच. ८० किंवा जास्त अंतर खरोखर मिळत असेल तर ३२, शक्यतो फोर-के. कोड किंवा लांब मजकूर लिहिणाऱ्यांनी १६:१० प्रमाणाचा २४ इंची जरूर बघावा: तो ३२ सेंमी उंच असतो, म्हणजे २७ इंची मॉनिटरपेक्षा दोनच सेंमी कमी, आणि रुंदीला आठ सेंमी आटोपशीर. आडव्या मोठ्या तक्त्यांवर काम असेल तर अल्ट्रावाइडचा उपयोग होतो. जवळून बघायच्या रुंद पडद्याला वक्रता असेल तर चांगलं, कारण सपाट पडद्याच्या कडा मध्यापेक्षा डोळ्यापासून लांब असतात आणि व्हीए पॅनेलवर (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) तिथला रंग तिरका बघितल्यासारखा फिका पडतो.

पैसे देण्याआधी पुठ्ठा कापा. २७ साठी ६० बाय ३४ सेंमी, ३२ साठी ७१ बाय ४०. जुन्या मॉनिटरच्या जागी तो पुस्तकांना टेकवून उभा करा, खालची कड स्टँडच्या उंचीइतकी उचला. मग पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांत छापील मजकुराचे तुकडे चिकटवून मान न हलवता वाचायचा प्रयत्न करा. वरच्या कोपऱ्यासाठी हनुवटी उचलली गेली किंवा बाजूसाठी डोकं वळलं की लगेच कळतं. आकड्यांवर विश्वास न बसणारेही पुठ्ठ्यासमोर बसल्यावर एक माप खाली येतात.

मॉनिटर घरी आल्यावर खोका फेकू नका. परत करायची मुदत असेतोवर त्यावर तुमचं रोजचं काम करा, व्हिडिओ बघून ठरवू नका. स्केल लावा, उंची लावा, ब्राइटनेस उतरवा आणि काही दिवसांनी पुन्हा कुणाला तरी नकळत तुमचं अंतर मोजायला सांगा. ठरवलेल्यापेक्षा १० सेंमी पुढे सरकलेले असाल तर आधी स्केल एक पायरी वाढवा. उलट, खुर्ची मागे सरकवून बसायला लागला असाल तर पडदा त्या टेबलाला मोठा आहे, आणि मुदत आहे तोवर लहान माप मागवा.